नावाचा धनी कोण?

उदगीरच्या खादी केंद्रात हातमागावर विणले जाणारे एक विशिष्ट कापड नांदेडला येते. प्रक्रिया आणि रंगकाम झाल्यावर ते ठरलेल्या मापांत कापले जाते, शिवले जाते, मधोमध अशोकचक्र उमटवले जाते आणि त्याचा राष्ट्रध्वज होतो. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत हे काम अनेक वर्षे चालू आहे. प्रमाणित खादीचा राष्ट्रध्वज तयार करणारी ठिकाणे साऱ्या देशात मोजकीच आहेत. एक कर्नाटकातील हुबळीजवळचे बेंगेरी, आणि दुसरे हे नांदेड. भारतीय मानकांच्या यादीत ज्या मानकाला पहिला क्रमांक दिलेला आहे, ते मानक राष्ट्रध्वजाचे आहे. कापडाचा पोत, रंगाची छटा, शिलाई, लांबी-रुंदीचे तीनास दोन हे प्रमाण, सारे काही त्यात नेमून दिलेले आहे. २१ फूट बाय १४ फुटांच्या विशाल ध्वजापासून टेबलावर ठेवायच्या चिमुकल्या ध्वजापर्यंत नऊ मापे ठरलेली आहेत.

असा ध्वज ज्या हातांनी घडतो, ते हात लातूर आणि नांदेड या दोन शेजारी जिल्ह्यांतले आहेत. पण ही गोष्ट खुद्द लातूर-नांदेडच्या किती कुटुंबांना ठाऊक आहे? पंधरा ऑगस्टला मुलाचे बोट धरून ध्वजवंदनाला जाणारे किती पालक त्याला सांगू शकतात की, "बाळा, हे कापड आपल्या उदगीरचे असू शकते"? फारच थोडे. जे घरच्यांनाच माहीत नाही, ते पुणे, मुंबई किंवा दिल्लीला कसे माहीत असणार? मराठवाड्याच्या अर्थकारणाचे एक जुने दुखणे या उदाहरणात स्वच्छ दिसते. येथे वस्तू घडते, पण तिचे नाव घडत नाही. आणि ज्याचे नाव नाही, त्याचे मोल दुसरा ठरवतो.

नाव घडवण्याचे हे जे शास्त्र आहे, त्याला आजच्या व्यवहारात ब्रँड आणि मार्केटिंग असे म्हणतात. या क्षेत्रात आयुष्य घालवणे ही एक प्रतिष्ठेची, बुद्धीची आणि समाजोपयोगी कारकीर्द होऊ शकते, हा विचार आपल्या मध्यमवर्गीय घरांतून अजून पुरेसा रुजलेला नाही. म्हणूनच त्याची चर्चा व्हायला हवी.

लातूरच्या नावाची कहाणी

एखाद्या गावाचे नाव देशभर कशामुळे पोहोचते, हे पाहायचे असेल तर लातूरइतके बोलके उदाहरण सापडणार नाही. १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर हे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत दुःखाशी जोडले गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला आली आणि हेच नाव दुष्काळाचे प्रतीक बनले. ही दोन्ही नावे निसर्गाने आणि परिस्थितीने लादलेली होती. त्यांत लातूरकरांचे कर्तृत्व एवढेच की, त्यांनी ती संकटे सोसली आणि ते पुन्हा उभे राहिले.

परंतु या दोन्हींच्या जोडीला लातूरची तिसरीही एक ओळख आहे, आणि ती मात्र माणसांनी जाणीवपूर्वक घडवलेली आहे. ती म्हणजे 'लातूर पॅटर्न'. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात या पद्धतीची जडणघडण झाली. तिच्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर पूर्ण करायचा, मग प्रश्नपत्रिका पुन:पुन्हा सोडवून घ्यायच्या, प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून चुका विद्यार्थ्याच्या समोर मांडायच्या, सुट्ट्यांमध्येही वर्ग घ्यायचे आणि शिक्षकाने घड्याळाकडे पाहायचे नाही. त्या काळी प्रसिद्ध होणाऱ्या बारावीच्या गुणवत्ता याद्यांत पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांच्या बरोबरीने लातूरची नावे झळकू लागली, तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. पुढे दयानंद महाविद्यालयासह शहरातील इतर संस्थांनी ही वाट धरली. परजिल्ह्यांतील मुले खोल्या भाड्याने घेऊन राहू लागली, खानावळी निघाल्या, वसतिगृहे उभी राहिली. नांदेडही याच मार्गाने शिकवण्यांचे मोठे केंद्र झाले.

हे सारे कोणत्या जाहिरात संस्थेने केले? कोणीही नाही. ज्याला व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ब्रँड म्हणतात, तो लातूरच्या प्राध्यापकांनी खडूच्या बळावर निर्माण केला. एक वचन द्यायचे, ते वर्षानुवर्षे न चुकता पाळायचे, आणि लोकांच्या मनात 'हे नाव म्हणजे ही खात्री' असे समीकरण तयार होऊ द्यायचे, हाच ब्रँडचा गाभा आहे. जाहिरात ही त्यानंतरची गोष्ट.

ही खात्री किती नाजूक असते, याचा प्रत्ययही लातूरला आला. २०२४ च्या नीट परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा हजारो प्रामाणिक विद्यार्थी आणि शिक्षक अस्वस्थ झाले. गैरप्रकाराचा आरोप मोजक्या माणसांवर होता, पण झळ लागली ती नावाला. कमावायला दोन पिढ्या लागतात आणि डागाळायला एक बातमी पुरते. म्हणून नावाची राखण हेही एक काम असते, आणि ते करणारी माणसे तयार करावी लागतात.

येथे लातूर पॅटर्नची एक मर्यादाही मोकळेपणाने नोंदवली पाहिजे. या पॅटर्नने मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुलांना डॉक्टर आणि अभियंता केले, हे त्याचे ऋण मोठेच आहे. परंतु त्याच यशामुळे घराघरांतील महत्त्वाकांक्षेला दोनच दारे उरली. ज्याला जीवशास्त्र आवडत नाही आणि गणितात गती नाही, तो मुलगा 'वाया गेला' असे समजले जाऊ लागले. जिला भाषा उत्तम येते, माणसे ओळखता येतात, चार बायकांच्या मनातले बोलणे जिला न सांगता कळते, ती मुलगी 'नुसतीच बी.ए.' ठरली. बाजारपेठेच्या जगात नेमक्या याच गुणांना फार मोठी किंमत आहे, हे त्या घराला कोणी सांगितलेच नाही.

हे काम नेमके काय आहे?

मार्केटिंग म्हटले की दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक, खांद्याला पिशवी लावून दारोदार फिरणारा विक्रेता. दुसरे, दूरदर्शन संचावर नाचणारी नटी. ही दोन्ही या कामाची अंगे आहेत खरी, पण त्याचा मेंदू वेगळाच असतो.

१३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गँबल या अमेरिकन साबण कंपनीत नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणाने आपल्या वरिष्ठांना तीन पानांचे एक टिपण लिहिले. त्याच्याकडे कॅमे साबणाच्या जाहिरातीचे काम होते आणि स्वतःच्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे ते मागे पडत होते. मॅकेलरॉयचे म्हणणे असे की, प्रत्येक नावामागे एक जबाबदार माणूस असला पाहिजे. त्याने विक्रीचे आकडे केवळ पाहू नयेत. कोणत्या भागात माल खपत नाही ते शोधावे, तेथे स्वतः जाऊन दुकानदारांशी आणि ग्राहकांशी बोलावे, कारण समजून घ्यावे, उपाय ठरवावा आणि त्याचे उत्तरदायित्व घ्यावे. आधुनिक ब्रँड व्यवस्थापनाचा उगम या टिपणात मानला जातो. मॅकेलरॉय हा अर्थशास्त्राचा पदवीधर होता. पुढे तो त्या कंपनीचा अध्यक्ष आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला.

आजही ब्रँड सांभाळणाऱ्या माणसाचे काम मूलतः तेच आहे. वस्तू कोणासाठी आहे, तिची किंमत काय असावी, ती कोणत्या आकाराच्या पुडक्यात द्यावी, कोणत्या दुकानांत ठेवावी, तिच्याविषयी काय बोलावे आणि काय बोलू नये, या प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावी लागतात. एक रुपयाचे शाम्पूचे पाकीट खेड्यातल्या टपरीवर लटकते, त्यामागे कोणाचा तरी अनेक महिन्यांचा विचार असतो. या वाटेवरचा प्रवास बहुधा विक्री विभागातील उमेदवारीपासून सुरू होतो. जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरून, घाऊक व्यापाऱ्यांच्या पेढीवर बसून, उधारीचे हिशेब समजून घेऊन तरुण तयार होतो. मग एका नावाची जबाबदारी, नंतर काही नावांची, आणि शेवटी संपूर्ण विपणनाचे नेतृत्व.

ही चढण मराठी माणसाला जमते का, असा प्रश्न कोणी विचारील तर नितीन परांजपे यांचे उदाहरण द्यावे लागेल. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतून व्यवस्थापनाचे शिक्षण, १९८७ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये उमेदवार म्हणून प्रवेश, आणि २००८ मध्ये त्याच कंपनीच्या सर्वोच्च कार्यकारी पदावर नियुक्ती. त्या कंपनीचे मालकीहक्क परदेशी आहेत, याची जाणीव ठेवूनही म्हणता येईल की, तेथे घडलेली शिस्त शिकण्यासारखी आहे. शस्त्र कोणाच्या भात्यातले आहे यापेक्षा ते कोणासाठी चालवले जाते, हे महत्त्वाचे.

आपल्याकडची परंपरा

तथापि या विद्येसाठी अमेरिकेकडेच पाहिले पाहिजे असे नाही. मॅकेलरॉयच्या टिपणाच्या अकरा वर्षे आधी, १९२० साली, किर्लोस्करवाडीत एक छोटे पत्रक निघाले होते. त्याचे नाव 'किर्लोस्कर खबर'. ते काढणारे शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे सर्वपरिचित शंवाकि, हे मूळचे चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले होते. कारखान्याच्या जाहिरातींचे आणि प्रसिद्धीचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो शेतकऱ्याच्या विश्वासाचा.

कारण लक्ष्मणरावांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागल्याचे सांगतात. नांगर उत्तम होता, पण केवळ उत्तम असून भागत नव्हते. तो उत्तम आहे हे ज्याला पटायला हवे, त्याच्या भाषेत, त्याच्या शंकांचा आदर राखून त्याच्याशी बोलणे आवश्यक होते. 'खबर'ने पुढे हेच केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्रक वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही त्याची भावंडे निघाली. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेखन 'किर्लोस्कर'च्या पानांतूनच महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. नांगर विकण्यासाठी निघालेल्या पत्रकाने एका पिढीचे मन घडवले. कलेच्या वाटेने आलेला एक माणूस विपणनाचे नेतृत्व कोणत्या उंचीवर नेऊ शकतो, याचा याहून चांगला दाखला कोणता?

दुसरे उदाहरण विको कंपनीचे. केशवराव पेंढरकरांनी १९५२ मध्ये हा उद्योग सुरू केला आणि त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर यांनी १९७५ मध्ये हळदीचे क्रीम बाजारात आणले. परदेशी प्रसाधनांच्या गर्दीत त्यांनी स्वतःची जागा अचूक ओळखली. आपली वस्तू आयुर्वेदिक औषध आहे, केवळ सौंदर्यप्रसाधन नव्हे, ही ती जागा. अबकारी खात्याने तिला प्रसाधन ठरवून अधिक कर मागितला, तेव्हा ते न्यायालयात गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. येथे प्रश्न केवळ कराचा नव्हता. जाहिरातीत जे म्हटले तेच न्यायाधीशांपुढे म्हणायचे आणि सिद्ध करायचे, ही त्यामागची निष्ठा होती. ब्रँड म्हणजे चारित्र्य, असे म्हणतात ते याच अर्थाने.

तिसरे उदाहरण थोडे हुरहूर लावणारे आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या पुडीपासून सुरू केलेला कॅम्लिनचा उद्योग महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात पोहोचला. कंपासपेटी म्हणजे कॅम्लिन, असे समीकरण झाले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यातील निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. व्यवहार रीतसर होता आणि त्यात वावगे काही नाही. पण परदेशी उद्योगाला येथे काय विकत घ्यावेसे वाटले, याचा विचार करावा. यंत्रे जपानमध्ये कमी नव्हती. विकत घेतला गेला तो ऐंशी वर्षांचा विश्वास. नाव ही किती मोठी संपत्ती असते, हे परक्याने आपल्याआधी ओळखले.

डाळ आमची, पुडी कोणाची?

आता पुन्हा लातूर-नांदेडकडे वळू. लातूरची बाजार समिती तूर आणि सोयाबीनसाठी देशभरच्या व्यापाऱ्यांना परिचित आहे. येथील डाळ गिरण्यांतून निघालेली तूरडाळ परराज्यांत जाते. नांदेडची हळदीची बाजारपेठही मोठी. पण हैदराबाद किंवा बंगळूरमधील गृहिणी दुकानात जाते, तेव्हा तिच्या हाती पडणाऱ्या चकचकीत पुडीवर बहुधा कोणत्या तरी मोठ्या व्यापारी कंपनीचे नाव असते. अपवाद आहेत. लातूरच्या 'कीर्ती गोल्ड'सारख्या खाद्यतेलाने स्वतःचे नाव कमावले. परंतु अपवादाने नियमच सिद्ध होतो.

असे झाले की काय होते? पोत्यात भरलेल्या निनावी डाळीला भाव मिळतो तो त्या दिवशीच्या बाजाराचा. आवक वाढली की भाव कोसळतो, परदेशातून डाळ आयात झाली की कोसळतो. नाव असलेल्या पुडीचा भाव मात्र इतक्या सहज खाली येत नाही, कारण ग्राहक केवळ डाळ घेत नाही, खात्री घेतो. दोन्ही भावांतील जे अंतर आहे, ते नावाच्या मालकाकडे जाते. शेतकरी पिकवतो, गिरणीवाला भरडतो, हमाल पोती उचलतो आणि नफ्याची साय मात्र परगावच्या वाटीत जाते. याला केवळ दुसऱ्याची लबाडी म्हणून चालणार नाही. ज्याने नाव घडवण्याचे कष्ट घेतले, त्याला त्याचे फळ मिळाले. प्रश्न हा की, ते कष्ट येथे का घेतले गेले नाहीत?

अलीकडे एक चांगली सुरुवात झाली आहे. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. याच सुमारास शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीलाही ते मिळाले. १९९९ च्या कायद्याने ही सोय झाली आणि २००३ पासून तो अमलात आहे. त्या-त्या भूमीबाहेरच्या कोणालाही हे नाव वापरता येत नाही, एवढे संरक्षण त्याने मिळते. मानांकन दर दहा वर्षांनी नूतनीकृत करावे लागते आणि शेतकऱ्याला ते वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणीही करावी लागते.

परंतु मानांकन म्हणजे केवळ जन्मदाखला. दाखला मिळाला म्हणून मूल कर्तबगार होत नाही. बोरसुरीची डाळ पुण्याच्या गृहिणीने नाव घेऊन मागावी, यासाठी तिची प्रतवारी एकसारखी हवी, पुडी नीट हवी, ती बारा महिने दुकानात मिळायला हवी आणि तिची गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. यातली प्रत्येक गोष्ट ब्रँड सांभाळणाऱ्या माणसाची आहे.

हळदीचा इतिहासही हेच सांगतो. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणधर्मावर पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. प्राचीन ग्रंथांचे पुरावे सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. राष्ट्राच्या स्वाभिमानाचा तो विजय होता. पण लढाई जिंकून आणलेली हळद पुन्हा निनावी पोत्यातच भरायची असेल, तर त्या विजयाचे फळ वसमतच्या आणि नांदेडच्या शेतकऱ्यापर्यंत कसे पोहोचणार?

शेतकऱ्याचे स्वतःचे नाव असू शकते, हे आणंदने दाखवले आहे. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी संघ स्थापन केला, आणि १९७३ मध्ये गुजरातभरच्या संघांनी मिळून विपणनासाठी स्वतंत्र महासंघ उभारला. 'अमूल' हे नाव कोणा शेठजीचे नाही, ते दूध घालणाऱ्यांचे आहे. डॉ. वर्गीस कुरियन यांचे मोठेपण असे की, दूध गोळा करण्याइतकेच महत्त्व त्यांनी नाव घडवण्याला दिले आणि त्यासाठी उत्तम व्यावसायिक माणसे नेमली. मराठवाड्यात सहकाराची परंपरा आहे, शेतकरी उत्पादक कंपन्याही निघाल्या आहेत. उणीव आहे ती अशा माणसांची.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

संस्कारी घरांतून येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. हे सारे ब्रँडचे वेड म्हणजे चंगळवाद नव्हे काय? नको ती वस्तू गळ्यात मारण्याची ही कला नव्हे काय? आक्षेप निराधार नाही. गोरेपणाच्या मलमांनी कित्येक मुलींच्या मनात न्यूनगंड पेरला. साखरेच्या पाण्याला शक्तिवर्धक म्हणून विकले गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करावी लागली आणि जाहिरातीत मिरवणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनाही जबाबदार धरावे लागले, ते उगाच नाही.

पण या आक्षेपाचा निष्कर्ष काय काढायचा? सज्जनांनी या क्षेत्रापासून दूर राहावे, असा काढला तर क्षेत्र दुर्जनांच्याच हाती राहील. वकिली व्यवसायात लबाडी चालते म्हणून लोकमान्यांच्या पिढीने कायदा शिकणे सोडले नाही. जो खोटे बोलणार नाही, अशाच तरुणाची या क्षेत्राला अधिक गरज आहे. खोट्या जाहिरातीने वस्तू एकदा खपते, दुसऱ्यांदा नाही. नाव टिकते ते खरेपणावर, हे व्यवहाराचेही सूत्र आहे आणि धर्माचेही.

स्वदेशीच्या विचारालाही याची जोड हवी. 'परदेशी घेऊ नका' एवढे सांगून ग्राहक फार काळ थांबत नाही. 'हे घ्या, हे आपले आहे आणि हे चांगले आहे' असे म्हणता आले पाहिजे. त्यातला 'चांगले आहे' हा भाग सिद्ध करणे आणि पटवणे, हे विपणनाचे काम.

राष्ट्रध्वजाच्या बाबतीत याची प्रचीती आली. ३० डिसेंबर २०२१ च्या सुधारणेने यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांनाही ध्वजसंहितेत परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर तिरंगा' अभियानाने कोट्यवधी घरांवर ध्वज फडकला. हातमागावर इतके ध्वज इतक्या वेळात विणणे शक्यच नव्हते आणि घरोघरी तिरंगा पोहोचला, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्या लाटेत हाताने विणलेल्या ध्वजाचे वेगळेपण कोण सांगणार होते? स्वस्त ध्वजाशी किमतीत झुंज देणे खादी संस्थांना अशक्य. त्यांना झुंज देता येते ती अर्थाच्या पातळीवर. शाळेत, ग्रामपंचायतीत, न्यायालयात, कारखान्यात जो कायमचा ध्वज लागतो तो उदगीरच्या मागावरचा असावा, असा आग्रह निर्माण करता आला असता. तसे झाले नाही, याचा दोष सरकारवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. परंतु विणकराची गोष्ट सांगणारा एक कुशल माणूसही समाजाने त्या संस्थेला दिला नाही, हेही तितकेच खरे.

नांदेडला दरवर्षी लाखो भाविक तख्त सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनासाठी येतात. पंजाबातून येतात, कॅनडा आणि इंग्लंडमधूनही येतात. श्री गुरू गोविंदसिंगजींचे १७०८ मध्ये जेथे महाप्रयाण झाले, त्या भूमीची माती ते कपाळी लावतात. परतताना नांदेडची कोणती वस्तू त्यांच्या पिशवीत असते? येथील हळद, येथील खादी, येथे शिवलेला राष्ट्रध्वज त्यांच्यापर्यंत सन्मानाने पोहोचवावा, असा विचार कोणी केला तर श्रद्धेचा बाजार होणार नाही, उलट पाहुण्याला यजमानाची ओळख होईल. असे प्रश्न ज्याला सुचतात, तोच या क्षेत्राचा खरा उमेदवार.

पालकांनी काय करावे?

या क्षेत्राची दारे कला शाखेच्या पदवीधरालाही खुली आहेत, ही माहिती अनेक घरांत पोहोचलेलीच नसते. भारतीय व्यवस्थापन संस्थांची कॅट ही प्रवेशपरीक्षा आणि राज्याची एमबीए सीईटी या दोन्हींसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून हे शिक्षण देत आहे. २०१५ मध्ये नागपूरला भारतीय व्यवस्थापन संस्था सुरू झाली. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही व्यवस्थापनशास्त्राचे संकुल आहे. बारावीनंतरच्या वर्षांत इंग्रजीची तयारी, आकडेमोडीची भीती घालवणे आणि भरपूर वाचन, एवढी शिदोरी मिळाली तर लातूरचा मुलगा कोठेही कमी पडणार नाही. लातूर पॅटर्नने जी चिकाटी शिकवली, ती येथेही उपयोगी पडेल.

मात्र पदवीपूर्वीच एक शाळा घरासमोर उघडी असते. वडिलांचे किराणा दुकान असेल तर मुलाने महिनाभर गल्ल्यावर बसावे. कोणते गिऱ्हाईक काय नाव घेऊन मागते आणि काय 'कोणतेही द्या' म्हणून मागते, याची वही ठेवावी. मोंढ्यात जाऊन लिलाव पाहावा. गावातील बचत गटाच्या पापड-लोणच्याची पुडी कशी असावी, तिच्यावर काय लिहावे, याचा विचार मुलीने करून पाहावा. बाजारपेठ वाचायला शिकणे म्हणजे माणूस वाचायला शिकणे, आणि त्यासाठी शिकवणी लावावी लागत नाही.

विद्यापीठ आणि उद्योजक यांनीही एक पाऊल पुढे टाकावे. बोरसुरीच्या डाळीची बाजारपेठ हा व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षभराच्या प्रकल्पाचा विषय का होऊ नये? उदगीर-नांदेडच्या ध्वजाची गोष्ट देशापुढे कशी मांडावी, हा प्रबंधाचा विषय का होऊ नये? परदेशी शीतपेयांच्या विक्रीचे धडे गिरवण्यापेक्षा त्यातून विद्यार्थी अधिक शिकेल आणि गावाचेही काम होईल. जे तरुण मुंबई, बंगळूरमध्ये मोठ्या कंपन्यांत शिकले आहेत, त्यांनी वर्षातून काही दिवस गावाकडच्या उत्पादक कंपनीला द्यावेत. डॉक्टर जसा आरोग्य शिबिराला येतो, तसा हाही एक सेवाधर्म आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या जोखडातून मुक्त झाला. जमिनीचे स्वामित्व त्या लढ्याने मिळवून दिले. श्रमाच्या नावाचे स्वामित्व मिळवणे अजून बाकी आहे. ते मोर्च्याने मिळणार नाही आणि अनुदानानेही नाही. ते मिळवण्यासाठी भाषा जाणणारी, माणूस ओळखणारी, हिशेब पक्का ठेवणारी आणि दिलेला शब्द पाळणारी तरुण माणसे लागतील. उदगीरचा माग आजही चालू आहे. त्याचे नाव सांगणारा आवाज एखाद्या घरात या क्षणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करीत बसलेला असेल. त्याला 'पुढे काय करणार?' असे चिंतेने विचारण्याऐवजी हे काम त्याच्यासमोर ठेवावे.